आम्ही आईला चिखलदऱ्याला नेलं, त्याबद्दल

दरवर्षी मे महिन्यात आम्ही नागपूर सोडून कुठेतरी पळतो. पचमढी झालं, पेंच झालं, एकदा तर थेट महाबळेश्वर गाठलं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको रेवती आणि आमची मुलगी मनू. आई घरी राहायची. गुडघे दुखतात, गाडीत मळमळतं, झाडांना पाणी कोण घालणार, ही तिची कारणं पाठ झाली होती. गाडी निघाली की ती फाटकात उभी दिसायची आणि मी आरशातून मागे बघायचो. प्रताप नगरातली आमची गल्ली काही फार लांब नाही, पण आम्ही वळायच्या आत आई घरात गेलेली असायची. लगबगीनं. डोळे पुसायला गेली असणार, असं मी दरवर्षी ठरवून टाकायचो, आणि वाटेतला पहिला चहा होईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही.

बाहेरून मी दिवसातून चार-पाच वेळा फोन करायचो. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "वरण-भात." कधी तिनं फोन उचललाच नाही तर माझा जीव टांगणीला. परत आलो की ओटा कोरडा ठणठणीत, आणि आई घाईघाईनं खिचडी टाकायची. एकटीला जेवण जात नसेल, असं वाटून मला ती खिचडी घशाखाली उतरायची नाही.

त्यात गेल्या वर्षी पचमढीच्या पोस्टखाली एकीनं लिहिलं, "आजींना नाही का नेत कधी?" ते वाक्य मला असं झोंबलं की विचारू नका. यंदा एप्रिलमध्येच जाहीर केलं.

"आई, यंदा तू येणार."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुले सुट्टी नको का?"

"मले कायची सुट्टी गा? मी इथंच बरी आहे. तुमी जा, फिरा."

हा सगळा तिचा त्याग आहे, हे मला लगेच कळलं. मला नेहमीच सगळं लगेच कळतं. रेवती हळूच म्हणाली, "त्या नाही म्हणताहेत तर राहू दे ना, खरंच नसेल यायचं." मी तिला म्हटलं, "माझी आई आहे, मला माहीत आहे." हे वाक्य आता आठवलं की कान तापतात.

तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या सहलीचे फोटो पाहिले आहेत. 'आईची पहिली सुट्टी' म्हणून मी रोज टाकत होतो आणि तुम्ही बदामांचा पाऊस पाडत होता. "असा मुलगा सगळ्यांना मिळो," असंही एकांनी लिहिलं. म्हणून ही पोस्ट लिहायलाच हवी. रस्त्याची आणि खाण्यापिण्याची माहितीही देतो, ती तरी खरी आहे.

मे महिन्यात निघणार असाल तर उजाडायच्या आत नागपूर सोडा. अमरावतीपर्यंत रस्ता मोठा आणि छान आहे, उन्हं चढायच्या आत पोहोचता येतं. तिथे गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. उडदाचा वडा, वर दही, वर तिखट चटणी, आणि खाताना बोलायचं नाही. परतवाड्याला टाकी भरून घ्या, वरच्या पेट्रोलच्या भरवशावर राहू नका. तिथून पुढे घाट लागतो, तेव्हा मुलांना पुढच्या सीटवर घ्या आणि लिंबू हाताशी ठेवा.

आमच्याबरोबर माझ्या ऑफिसमधला प्रशांत, त्याची बायको स्नेहल आणि त्यांची दोन मुलं दुसऱ्या गाडीत होती. प्रशांतचाच आग्रह होता की चिखलदऱ्याला रोडगे करायचे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: जाडसर कणकेचे थर देऊन गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचे. आमच्याकडे चार माणसं शहराबाहेर पडली की रोडगे होतातच, त्याशिवाय सहल झाली असं कुणी मानत नाही. आणि आमच्या ओळखीत रोडगे म्हटलं की आईचे. त्यामुळे आईच्या पहिल्या सुट्टीच्या सामानात जाडं पीठ, वांगी, तुपाचा डबा, भाजी शिजवायचा मोठा गंज आणि पोतंभर गोवऱ्या होत्या. गोवऱ्यांचं पोतं मागच्या सीटसमोर, आईच्या पायाशी बसवलं होतं.

"गुडघे आखडतील का गं?" मी विचारलं होतं.

"नाही बापा, ठेव. पाय वर घेते मी."

घाटात तिला झोप लागली. खिडकीच्या काचेला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. एवढी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. अशात एक वळण आलं आणि खाली दरी उघडली, सागाचं पानगळ झालेलं करडं जंगल आणि मधेच एखादं हिरवंगार झाड. मी गाडी बाजूला घेतली आणि आईला हलवून जागं केलं. "आई, बघ ना, दरी बघ!" ती दचकून उठली, पदर सारखा केला, बाहेर पाहिलं. "हो, छान आहे," म्हणाली. मी फोटो काढला. त्यात तिचे डोळे नीट उघडलेलेही नाहीत आणि मी खाली लिहिलं होतं, 'पहिल्यांदा दरी पाहताना'.

आम्ही स्वयंपाकघर असलेला छोटा बंगला घेतला होता. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव भलतेच चढतात, जमलं तर मधल्या वारी जा. हवा मात्र सुखाची. नागपुरात कूलरसमोरून हलवत नाही आणि इथे संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. आईनं सगळ्यांचा चहा केला होता, मुलांना दूध दिलं होतं, आणि दारात उभी राहून विचारत होती, "आज काय करू जेवाले?"

रेवती उठून म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी बघते." मी म्हटलं, "अगं, तिला आवडतं." आईनं कांदा चिरायला घेतला.

देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड सगळं पाहिलं. गाविलगडाला भरपूर पाणी घेऊन जा, आत सावली कमी आहे. आई बहुतेक ठिकाणी गाडीजवळच राहिली. "तुमी जा, मी सामान पाहते." देवी पॉइंटला तिच्याशेजारी एक बाई येऊन बसल्या होत्या, अकोल्याच्या. मी रबडीचे द्रोण घेऊन येत होतो तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडलं.

"काय वं, मजा येऊन राहिली का?"

"पोट्टे खुश आहेत नं," आई म्हणाली.

मला भरून आलं. मुलांच्या सुखात सुख, वगैरे. तेही मी त्याच दिवशी पोस्टमध्ये टाकलं.

रोडगे शेवटच्या दुपारी झाले. बंगल्यामागच्या झाडाखाली आईनं गोवऱ्या रचल्या. वारा उलटसुलट होता, धूर तिच्याच तोंडावर येत होता. आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो आणि प्रशांत सांगत होता, सुट्टी म्हणजे फोन बंद, डोकं बंद. मीही माझं तत्त्वज्ञान पाजळलं की खरी सुट्टी तीच, ज्यात आपली रोजची कामं आपल्याला सापडत नाहीत. हे मी बोलत असताना आई पदरानं नाक-डोळे पुसत निखाऱ्यातले रोडगे उलटवत होती, आणि वाऱ्यानं उडालेली राख तिच्या केसांवर बसली होती. रोडगे अप्रतिम झाले. ती सगळ्यांच्या शेवटी जेवली. त्या धुरातल्या फोटोला तुम्ही सगळ्यात जास्त दाद दिलीत.

नागपूरला परतलो त्या संध्याकाळी शेजारच्या नलूकाकूंना खव्याचं पुडकं द्यायला गेलो. त्यांनी ते हातात घेतलं आणि मलाच दटावलं.

"काय गा, यंदा आमची पार्टी बुडवली तुनं!"

"कोणती पार्टी, काकू?"

"अबे, तुले माहीत नाही? दरसाल तुमी गेले की आमी चौघी तुह्या घरीच पडून राहतो नं! तुही माय खाट ओढते कूलरसमोर. बारा वाजेलोक आंघोळ नाही, पूजा नाही. नाक्यावरून तर्री-पोहे मागवतो, आंबे चोखतो, मेंढीकोट खेळतो. गॅस पेटवाचाच नाही, असा तिचा नियमच आहे. तुहा फोन आला का सगळ्याइले चूप करते अन् सांगते, वरण-भात जेवली म्हणून." त्या हसत सुटल्या. "यंदा महिनाभरापासून ठरवून होतो आमी. मंग म्हणे, पोरगा लय मागे लागला, त्याचं मन मोडवत नाही."

मी हसलो असेन बहुतेक. घरापर्यंतची ती चार पावलं चालताना मला त्या आरशाची आठवण झाली. ती लगबग. डोळे पुसायला नव्हतीच ती.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी भैताड. रात्री जेवताना, मन हलकं करायच्या नादात, हसत हसत म्हणालो, "आई, आम्ही गेलो की तुझी मजा असते म्हणे! कूलर, पत्ते, तर्री-पोहे!"

आईचा हात पोळीच्या डब्यावरच थांबला. चेहरा असा झाला, जणू साखर चोरताना सापडलेली लहान मुलगीच.

"कोणं सांगतलं? नलीनं? तिचं काही खरं नसते. एखाद्या वेळी येतात बापा बसाले. मी काही... पूजा करते मी. उशिरा करते, पण करते."

"अगं, मी चिडलो नाही."

"तसं नाही. घरात काम काहीच नसते नं तवा. कोणाले भूक लागली का, हे ध्यानात ठेवा लागत नाही. म्हणून जराशी पडते. बाकी तुमच्याबिना करमत नाही मले."

माझी आई मला स्पष्टीकरण देत होती. स्वतःच्याच घरात चार दिवस लोळल्याबद्दल. मनूसुद्धा खाली मान घालून जेवत होती. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती कुठे ठेवावी हेही कळत नव्हतं.

रेवतीनं रात्री एवढंच विचारलं, "आता?" माझ्याकडे तोडगा होता. माझ्याकडे तोही लगेच असतो. पुढच्याच शनिवारी आम्ही रामटेकला निघालो, एक रात्र मुक्कामी.

"रामटेकले रात्री राहाले कोण जाते?" आई म्हणाली.

"खिंडसीला तलावाकाठी राहू, गं. मनूला बोटीत बसायचंय."

"मले काहून नाही नेत?"

"ऊन फार आहे," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला सगळं समजलं होतं.

गाडी निघाली. मी आरशात पाहिलं. आई फाटकात उभी होती. अर्धी गल्ली गेली तरी उभीच. आम्ही वळलो तेव्हा तिचा हात वर होता, हलत होता. रेवती मागे वळून बघत होती, तिनंही पाहिलं. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला, तरी माझी नजर आरशातच होती. रामटेकची माहिती मात्र या वेळी देता येणार नाही. गड उन्हात उभा होता, मनू बोटीत बसली, बाकी मी खोलीत पडून होतो. घरी फोन केला नाही, तेवढं एक पथ्य पाळलं.

रविवारी संध्याकाळी परत आलो. दरवर्षीसारखा कोरडा ओटा आणि घाईघाईची खिचडी असू दे, एवढंच मनात म्हणत मी दार ढकललं. खाट भिंतीला लावलेली होती. कूलर बंद होता. घरभर वास सुटला होता. ओट्यावर भरली वांगी, वरण, भात, तळलेल्या कुरडया, आमरसाचं पातेलं आणि फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या. सकाळपासून ती याच्यातच असणार. ब्लाउज पाठीला चिकटलेला होता.

"नलूकाकू आल्या होत्या का गं?" मी विचारलं.

"येत होती. नको म्हटलं तिले." आई ताटं मांडत होती. "बसा हातपाय धुवून. पाहा, आज काहीच कमी नाही केलं."

आम्ही बसलो. तिनं मला आधी वाढलं. भाजी छान झाली होती, तसं मी म्हणालोही. तिनं विचारलं, अजून घेतोस का, आणि मी ताट पुढे केलं.