उजवीकडचा माळा

ज्वारी दाण्यात आली की मेडशीकडच्या आमच्या शेतात चार खांबांवर माळा उभा राहायचा. त्यावर बसून पाखरं हाकलणं हे माझं काम. उजव्या हाताला, बांधापलीकडे दुसरा माळा होता, त्यावर माझी मैत्रीण. राखणीची आमची एक रीत होती. एकीनं हाक दिली की दुसरीनं लगेच ‘होऽ’ द्यायची. पाखरंही उडत आणि शेजारीण जागी आहे हेही कळे. ‘हो’ आली नाही, तर समजायचं, बाई झोपली नाहीतर रुसली.

त्या वर्षी गोफण फिरवताना माझा तोल गेला आणि मी बांधाच्या दगडावर पडले. मार उजव्या कानामागं बसला. कानातून रक्त आलं, मग पाणी झिरपत राहिलं. काकूनं लसणाचं तेल कोमट करून कानात ओतलं. गावचे वैद्यबुवा म्हणाले, “नासकं रक्त भाईर पडलं, आता पोरीले भेव नाई.” जिवावरचं निभावलं, मग कानाचं कोण विचारतो? मलाही काही जाणवलं नाही. आमच्या घरात सगळे भांडल्यासारखेच बोलत, एका कानाला ते पुरून उरायचं.

दिवाळीनंतर मी पुन्हा माळ्यावर चढले. हाक दिली. ‘हो’ आली नाही. पुन्हा दिली, नाहीच. मी अंथरुणात होते तेव्हा उशाशी बसून रडणारी हीच पोरगी, आणि आता हा तोरा! राग तर माझ्या नाकावरच असायचा. मी हाका देणंच सोडलं. दिवसभर नुसता वारा, ज्वारीची सळसळ आणि मी. इतकं एकटं मला पुढं सासरीही वाटलं नाही.

तिचं लग्न लहानपणीच झालेलं. तुळशीच्या लग्नानंतर शेलूबाजारहून सासरची माणसं आली आणि तिला घेऊन गेली. त्या संध्याकाळी आई माझ्यावर कडाडली, “जायच्या आंधी पोरगी बांधावर येऊन हाका मारून राह्यली होती. तुनं मान बी वळवली नाई. इतका कायचा राग वं?”

मी रडत डाव्या कुशीवर पडले. थोड्या वेळानं कुणीतरी खांदा धरून हलवलं. आईच होती. “जेवाले कवाची बोलावून राह्यली, आयकू येत नाई काय तुले?”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी उठून बसले, डावा कान हातानं दाबला. आईचे ओठ हलत होते. तेव्हा समजलं. ती रोज ‘हो’ देत होती.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर फिरून बसले, डावा कान तिच्या माळ्याकडे करून. हाक दिली. रिकाम्या माळ्यावरून पाखरं उडाली, त्यांचे पंख मला स्पष्ट ऐकू आले.