पावणे सात

हिंगोलीच्या घड्याळाच्या मनोऱ्याबद्दल विचारायला हल्ली कुणी ना कुणी येतं. कुणी बांधला, उंची किती, दगड कुठून आणला. मी म्हणते, बाबांनो, मी काही गवंडी नव्हते. छावणी होती तेव्हा पलटणीसाठी बांधला, एवढंच आमच्या वेळचे लोक सांगायचे. पलटण गेली आणि मनोरा बाजाराच्या वाट्याला आला. मी सून होऊन आले तेव्हा त्याला एकच काटा उरला होता, तासाचा. मिनिटाचा काटा एका वावटळीत खाली पडला होता आणि नवा यायचा तो यायचाच राहिला होता.

त्यामुळे गावाला मिनिटंच नव्हती. 'सातच्या पुढं', 'आठच्या अलीकडं' एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. ठोके मात्र न चुकता पडायचे. अडतीची दुकानं ठोक्यावर उघडायची, कचेरीतले कारकून ठोक्यावर पळायचे आणि आमच्या सासूबाई ठोक्यावर माझ्या चुका काढायच्या. माझं माहेर कनेरगाव नाक्याच्या पलीकडं, वाशीमच्या बाजूला, म्हणजे इंग्रजी मुलखात. तिथं आमच्या भिंतीवर दोन काट्यांचं घड्याळ होतं. मला हिंगोली अर्धवट वाटायची आणि मी ते बोलूनही दाखवायचे. सासूबाई म्हणायच्या, "काट्यानं काय भाकर फुगती का?"

निजामी राज्याचं शेवटचं वर्ष लागलं आणि ही थट्टा संपली. हत्यारं घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. हिंगोलीत त्यांनी मनोऱ्याखालची खोली धरली. संध्याकाळी सातचे ठोके पडले की त्यांची माणसं वेशीत येऊन उभी राहायची. त्यानंतर बाहेर जाणाऱ्याची खैर नव्हती, आत येणाऱ्यालाही हजार प्रश्न. ज्या ठोक्यांवर घरोघरी चुली पेटायच्या, त्यांवरच आता दारांना कड्या लागायच्या.

आमचे हे शाळेत मास्तर. त्यांनी शाळेच्या छपरावर तिरंगा लावला. मला आधी सांगितलं नाही, आईला तर नाहीच. त्यांच्या जोडीच्या एका मास्तरांना टोळीनं उचलून नेलं, ते परत आले नाहीत. पुढचा नंबर कुणाचा हे सांगायला जोशीबुवांची गरज नव्हती. हे घरामागच्या कोठीत हळदीच्या पोत्यांआड लपले. जेवायला बाहेर आले की नवरदेवासारखे पिवळे दिसायचे. हसू यायचं आणि त्या हसण्याचीच भीती वाटायची.

माझा थोरला भाऊ कडब्याची गाडी घेऊन हिंगोलीच्या बाजाराला येत असे. त्याच गाडीत ह्यांना घालून नाक्यापलीकडं न्यायचं, एवढं तांड्यावरच्या मोळीवालीमार्फत ठरलं होतं. दिवस आणि वेळ तेवढी कळायची होती. एका दुपारी ती मोळी घेऊन आली. समोरच्या ओट्यावर टोळीतला एक जण पाय हलवत बसला होता. तिनं मोळी टाकली, वाकूनच एका दमात म्हणाली, "दादानं सांगितलंय, आज पावणे सातला येशीभायेर चिंचंखाली," आणि पदर झटकून चालती झाली. दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

कोठीच्या दाराशी आम्ही तिघं बसलो. हे म्हणाले, "झालं तर. पावणे सात."

"व्हय का?" सासूबाई म्हणाल्या. "हिचा भाऊ तुला काय म्हणतो?"

माझा भाऊ ह्यांना पावणे म्हणतो. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं सगळेच पावणे म्हणतात. म्हणजे निरोप असाही असू शकत होता: पावणे, सातला.

"पाहुणे म्हणायचं असतं तर 'ह' ऐकू आला असता," हे म्हणाले. मास्तर शेवटी मास्तरच.

"माझी हयात गेली, मी त्यो 'ह' कुठं आयकला न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आन् ह्या गावात पावणे सात कोन म्हणतंय? काटा हाय का त्याला?"

पण माझा भाऊ ह्या गावातला नव्हता. तो दोन काट्यांच्या घरातला होता. त्याच्या तोंडून पावणे सात सहज निघालं असतं. पावणे सात असेल आणि आम्ही सातला गेलो, तर गाडी निघून गेलेली आणि वेशीत पहारा लागलेला. सात असेल आणि आम्ही आधी गेलो, तर मोकळ्या रस्त्यावर, ढळढळीत उजेडात, ह्यांना सगळ्यांच्या नजरेसमोर उभं करायचं. इकडं आड, तिकडं विहीर. मला भावाचा राग आला, मोळीवालीचा आला, छपरावरच्या झेंड्याचासुद्धा आला.

शेवटी मीच बोलले. "लवकर जाऊ. थांबता येतं, गेलेली गाडी माघारी येत न्हाई. मी घागर घेऊन पुढं व्हते, हे मागून येतील." सासूबाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आत गेल्या आणि ह्यांच्यासाठी गाठोडं बांधून आणलं.

काटा सातच्या अलीकडं आला तशी मी निघाले. माझ्या मागं बरंच अंतर ठेवून हे, अंगावर गड्याचं मळकं धोतर, बगलेत गाठोडं, तोंडावर मुंडाशाचा शेव ओढलेला. वेस ओलांडली. चिंचेखाली गाडी नव्हती.

म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. निदान मी तसं मनाला बजावलं, कारण दुसरा अर्थ, गाडी येऊन गेल्याचा, मला पेलणारा नव्हता. हे बुंध्याला टेकून गुडघ्यात डोकं घालून बसले. मी घागर शेजारी ठेवली. रस्त्यानं कुणी दिसलं की मी घागर उचलल्यासारखी करायचे.

टोळीतला एक जण सायकलवरून गावाकडं निघाला होता. आम्हाला पाहून त्यानं पाय टेकला.

"कौन है ये?"

"आमचे पावणे हैत," मी म्हणाले. "पोट दुखून राहिलं त्यांचं."

त्यात खोटं फक्त पोटाचं होतं. ह्यांनी मान वर केली नाही. कानाच्या पाळीमागं राहिलेली हळद मला तेवढ्यात दिसली. मी मधे येऊन उभी राहिले.

"जल्दी जाओ घर. सात बजने को आए," तो म्हणाला आणि पायडल मारून गेला.

पहिला ठोका पडला तेव्हा वळणावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बाजार आटोपून परतणाऱ्या गाड्यांच्या अगदी मागं माझ्या भावाची गाडी होती. त्यानं कासरा ओढला, पण गाडी पुरती थांबवली नाही. हे चढले, उरलेल्या कडब्यात शिरले. भाऊ मला म्हणाला, "चढ की."

"मी?"

"मंग? पावणे म्हणलो ना मी. दोघंबी."

आम्ही वेळेवरून भांडलो होतो. पावणे एक की दोन, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मानाचं अनेकवचन आम्ही ह्यांच्या एकट्याच्या पदरात टाकलं होतं. कडब्यातून ह्यांचा हात बाहेर आला. "चल," हे म्हणाले.

मला जायचं होतं. खोटं कशाला सांगू, जीव नुसता त्या गाडीकडं धावत होता. पण मास्तर पळाला हे टोळीला कळलं की ती आधी घरी येणार, आणि घरी म्हातारी एकटी.

"आत्याबाई एकल्या हैत," मी म्हणाले.

भावानं मला शिवी दिली आणि बैलांना हाक मारली. गाडी त्या संध्याकाळी नाका ओलांडून सुखरूप गेली, हे आम्हाला पुढं कळलं.

वेशीत पहारा येऊन उभा राहिला होता. घागर भरायला ह्यांना सोडून जाता आलं नव्हतं. मी ती रिकामी घागर भरल्यासारखी डोक्यावर धरली, मान ताठ केली, पाऊल जड टाकलं. पहारेकरी माझ्याकडं बघत राहिला. पाणी दे म्हणू नकोस, एवढंच मी मनात घोकत होते. त्यानं मागितलं नाही.

दार लोटलं. सासूबाई चुलीपुढं होत्या. मला पाहून त्यांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"त्यो गेला का?"

"गेले."

"आन् तू काहून आलीस?" त्यांनी उलथणं आपटलं. "गाठोड्यात तुझीच लुगडी बांधली व्हती की मी."

त्या निरोपातलं आम्हा दोघांना न कळलेलं त्यांना दुपारीच कळलं होतं, आणि आपण मागं राहायचं हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. तव्यावर एकच भाकरी होती. परातीत पीठही उरलं नव्हतं, एकटीपुरतंच मळलं होतं. त्यांनी ती भाकरी उतरवली, मोडून मोठा तुकडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "खाऊन घे आधी. मंग कुनी बी येऊ दे."