दर चौकटीला तोरण

मखमलाबादच्या मंगलाबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. मुलगा ललित इंजिनियर झाला, तेव्हा तो परांचीवरून पडेल ही काळजी. त्याला गंगापूर रोडवरच्या ऑफिसांच्या इमारतीचं काम मिळालं, तेव्हा तिथली माणसं गुदमरतील ही.

२००८ साल होतं. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी वीज वाचवण्याचे सरकारी नियम नुकतेच आले होते. सक्ती नव्हती, पण मालक पुंजाशेठ निफाडचे, हौशी गडी. एसीची थंड हवा निसटू नये म्हणून भिंतींना आतून फोमचा जाड थर, खिडक्यांना दुहेरी काच आणि चौकटीभोवतीची फट न् फट बुजवलेली. पहिला मजला तपासणीत उतरला, तरच वरचे मजले ललितला मिळणार होते.

"अरे, पण माणसांनी श्वास कुठून घ्यायचा?"

"ताजी हवा मशीन आत सोडतं, आई. वारा आपण म्हणू तिथूनच यायचा."

"वारा तुझं ऐकतो? मग तूही माझं ऐकत जा की जरा."

दसऱ्याला मंगलाबाई मळ्यातल्या झेंडूची पाटी घेऊन इमारतीत हजर. एकाच दाराला तोरण लावायचं आणि बाकीच्या चौकटी बोडक्या ठेवायच्या, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी फकिरा सुताराला कामाला लावलं. चौकट ॲल्युमिनियमची, तिथे खिळा घसरायचा. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या मऊ भरावात मात्र तो लोण्यात शिरावा तसा शिरला. दर दाराखिडकीला दोन-दोन. तोरणं सुकल्यावर फकिरानं ती खिळ्यांसकट उपटली.

तपासणीला ललितनं पुंजाशेठसमोर मोठा पंखा लावून आतली हवा बाहेर ओढली आणि उदबत्ती घेऊन चौकटीपाशी उभा राहिला. बाहेरचा वारा आत शिरत असेल तर धूर हलणार. धूर हलला कसला, पार आडवा झाला. पुढच्या खिडकीला तेच. ललितचा चेहरा उतरला.

डबा द्यायला आलेल्या मंगलाबाईंनी वर चौकटीकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवून त्या पुढे झाल्या. "शेठ, पोराला बोलू नका. ती भोकं माझी आहेत. तोरणांची."

पुंजाशेठ पोट धरून हसले. "ताई, सरकारनं एवढे नियम लिहिले, पण झेंडूचा इचार कुणी केला नाय बघा!"

ललितनं भोकं बुजवली. संध्याकाळी उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

"वरचे मजले तुझेच," पुंजाशेठ म्हणाले. "पण नकाशात आधी तोरणाचे हूक काढ, भिंतीला भोक न पाडता बसतील असे. ताई काय ऐकायच्या नाय."

ललितनं तिथंच पेन्सिल काढली. मंगलाबाई त्याच्या खांद्यावरून वाकल्या.

"जरा उंच काढ रे. एखाद्या उंच माणसाच्या डोळ्यात पाकळी गेली म्हणजे?"