गार्डसाहेबांच्या रॉडचं लाल टोक

"हे लाल आहे? हे लाल आहे काय?" गार्डसाहेबांनी रॉडचं टोक माझ्या नाकासमोर नाचवलं. "सारी उमर लाल झेंडी धरली मी. मले लाल शिकवतं काय तू?"

मासे पकडायचा तो रॉड मीच आठ दिवसांपूर्वी बांधून दिला होता. गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले मालगाडीचे गार्ड. आवाज अजून ड्यूटीवर होता. त्यांच्यामागे त्यांची मुलगी शकुंतलाताई उभी होती. ती दवाखान्यात नर्स. ती ओरडत नव्हती, म्हणून मला तिचीच जास्त धास्ती वाटली.

"मधुकरभाऊ," ती म्हणाली, "काल बाबा धाम नदीत पडले. रॉडचं टोक दिसे नाई म्हणून जवळून पाह्यले गेलते. पाय घसरला. कंबरभर पाण्यात होते."

"गुडघाभर," गार्डसाहेब म्हणाले.

"कंबरभर. मोतीबिंदू पिकाले अजून वर्ष लागते म्हणतात डॉक्टर. त्याच्याआधी ऑपरेशन नाई. येत्या रविवारी मी सोता घाटावर येते. बाबा पायरीवर बसतीन, रॉड खाली पाण्यापाशी राहीन. तिथून टोक हाललेलं दिसलं तर ठीक. नाई तर या रॉडवर मी कपडे वाळवीन."

 गार्डसाहेब हळू आवाजात म्हणाले, "वर्षभर घरात बसून काय करू मी? भिंती मोजू?" त्या माणसाचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. काम माझं होतं आणि शिक्षा त्यांना होत होती.

तेव्हा आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. माझं दुकान म्हणजे एका टेलरच्या शेजारची टपरी. बॅडमिंटनच्या रॅकेटला गट, म्हणजे जाळीच्या तारा, भरायच्या, छत्र्यांच्या काड्या बदलायच्या, हे माझं मुख्य काम. रॅकेटच्या गळ्याशी दोऱ्याचे फेरे घालतात. ते मला बरे जमत, म्हणून रॉडही येऊ लागले. बांबूच्या सहा चिपा चिकटवून रॉड केलेला असतो. त्यावर दोरी ओवायच्या कड्या असतात. त्या कड्या रेशमाच्या दोऱ्याने आवळून बांधायच्या आणि वरून वार्निश मारायचं. वार्निश नसलं तर पाणी लागून दोरा कुजतो.

गार्डसाहेबांनी टोकाजवळ चार बोटं रुंद लाल पट्टा मागितला होता. धूसर डोळ्यांना लाल दिसतो म्हणाले. मी भरतकामाचं झगझगीत रेशीम घातलं. पण रेशीम वार्निश पितं. ओलं धोतर अंगाला चिकटलं की आतलं दिसतं ना, तसं ते पारदर्शक होतं आणि खालचा तपकिरी बांबू वर येतो. लालाचा झाला काथ. मी तो हातात घेऊन पाहिला तेव्हा मला भारदस्त वाटला होता. गार्डसाहेब पंधरा पावलांवर बसतात, हे मी विचारलंच नव्हतं.

हातात सहा दिवस होते.

आम्ही जातीचे कोष्टी. माझे वडील मागावर बसत. सुताला खळ लावलेली पाहत मी मोठा झालो. साहजिकच माझं डोकं तिकडेच धावलं. दोऱ्याला आधी भाताची खळ पाजली की पोट भरेल, मग वार्निश कुठून पिणार? बांबूच्या काडीवर फेरे घातले, खळ लावली, वाळवली, वार्निश मारलं. रंग बराचसा राहिला. मी खूश होऊन टेलरमास्तरला दाखवायला गेलो. त्याने काडी हातात घेऊन वाकवली. खळ तडकली आणि लालावर पांढऱ्या भेगाच भेगा उमटल्या.

"मासा लागल्यावर रॉड वाकन का नाई?" मास्तरने विचारलं.

वाकतो. वाकण्यासाठीच असतो. मी विणकराचा पोरगा, आणि मला ताठ धागाच चांगला वाटत होता.

मग लाखेच्या चपड्याचं पॉलिश करून पाहिलं. चपडा मुळातच पिवळा, लालाची वीट झाली. गुरुवार उजाडला. जेवायला बसलो तरी चित्त थाऱ्यावर नाही. एका गिऱ्हाइकाच्या छत्रीला दुसऱ्याचा दांडा बसवून मोकळा झालो. त्याच तारेत दोरा कापताना ब्लेड बोटात घुसलं.

दवाखान्यात शकुंतलाताईच होती. बोट धुतलं, आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "तुमाले समजून नाई राह्यलं. ते पडले तं मी ड्यूटीवर होती. कोळ्याच्या पोरानं काढलं त्याइले." बोलता बोलता तिने एका बाटलीतलं औषध जखमेवर फासलं. सणकून झोंबलं.

परत येताना बोट पाहिलं. वर काचेसारखा पातळ पापुद्रा धरला होता. कापताना लाल रेशमाची एक तार बोटाला चिकटली असावी, धुऊनही ती गेली नव्हती. ती पापुद्र्याखाली अडकली होती. लाल. अगदी रिळावर होती तशी लाल.

मी रस्त्यातूनच उलटा पळालो.

"ताई, हे काय लावलं?"

"कलोडियन. काऊन? लय जळते काय?"

"वाकवलं तर तडकते?"

"बोटावर लावाचं असते भाऊ, तडकून कसं चालन? एरंडेल असते त्याच्यात." मग तिला कळलं. "दवाखान्यातलं मी थेंब देणार नाई. बाजारातून घेजो."

घेतलं. कलोडियन इथरमध्ये विरघळवलेलं असतं. इथर भुर्रकन उडतो आणि पेटतोही, म्हणून मास्तरला विडी विझवायला लावली. टोकाचे जुने फेरे सोडवले, नवे घातले आणि ब्रशने पहिला हात दिला. रेशीम पुन्हा काळपट झालं!  रॉड ठेवला आणि टपरीसमोर येरझाऱ्या घातल्या. मास्तर म्हणाला, "बस ना बाप्पा, पाय दुखन." बसवेना. थोड्या वेळाने भीतभीत पाहिलं तर इथर उडाला होता आणि लाल परत आला होता. असे तीन पातळ हात दिले, मग वार्निश. वार्निशला आत शिरायला वाट राहिली नव्हती. लाल लालच राहिला.

रविवारी घाटावर गेलो. बेचक्यात रॉड, पंधरा पावलं वर पायरीवर गार्डसाहेब. शकुंतलाताई बाजूला झुडपाआड रॉडच्या दोरीचं टोक धरून उभी. 

तिने ओढलं. "हाललं," गार्डसाहेब म्हणाले.

ती थांबली. "आता नाई," गार्डसाहेब म्हणाले.

तिने जरासंच ओढलं. "हाललं. बारीक आहे, चिंगळी असन."

मग तिने दोरी ओढून तशीच धरली. पुष्कळ वेळ.  शेवटी तिने हळूच सोडली.

"शकू, दोरी सोडली तू. टोक सरळ झालं."

 तिने पदराने डोळे पुसले, ती वर गेली आणि स्वतःची छत्री बापाच्या हातात दिली. "ऊन लागते. आन पाण्यात उतरायचं नाई." गार्डसाहेबांनी मान डोलावली. एवढे आज्ञाधारक ते साहेबापुढेही झाले नसतील.

पुढच्या वर्षी मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून ते रॉड घेऊन टपरीवर आले. आता हा माणूस माझे आभार मानणार म्हणून मी उठून स्टूल पुढे केलं. त्यांनी टोक डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

"मधुकर," ते म्हणाले, "तीन फेरे तिरपे गेले रे तुझे."

खरंच गेले होते. तेव्हापासून मी काम दोनदा पाहतो: एकदा गिऱ्हाईक बसतं तिथून, आणि एकदा त्याचे डोळे बरे होतील असं धरून.