तीनशे वर्षं मागे, देवगडमार्गे

मी अकरावीत होते त्या डिसेंबरात मालवणजवळच्या आमच्या वाडीत चार कालप्रवासी आले. पुण्याकडून भाड्याच्या जीपने आले, आमच्या अंगणात उतरले, आईला बाथरूम कुठे म्हणून विचारलं, आणि जीन्स घालून आत गेलेली माणसं अंगरखे आणि पगड्या घालून बाहेर आली. शेवटचा बाहेर आला तेव्हा आमचा कुत्रा तोंडाला फेस येईपर्यंत भुंकला.

"आम्ही तीनशे वर्षं मागे जाणार आहोत," त्यांच्या प्रमुखांनी आईला सांगितलं.

"जावा," आई म्हणाली, "पण जेवन जावा."

बेत असा होता की शिवकालात जसं जात तसं शिडाच्या होडीने मालवणहून विजयदुर्गाला जायचं. इंजिन नाही, मोबाईल नाही, घड्याळ नाही. प्रमुख बँकेत साहेब होते आणि रजा शिल्लक होती. सोबत इतिहासाचे एक प्राध्यापक, दातांचे एक डॉक्टर आणि व्हिडिओ कॅमेरा घेतलेला प्रमुखांचा भाचा. तीनशे वर्षांपूर्वी कॅमेरा कुठून आला, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाला पडला नव्हता. प्राध्यापकांच्या तोंडी दोनच वाक्यं असायची: "तसा उल्लेख आहे" आणि "तसा उल्लेख नाही." डॉक्टर बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता दातांत बघायचे.

होडी माझ्या मामाची होती. मामाचा जन्म ट्रॉलरच्या इंजिनाजवळ गेला होता. शीड त्याने लहानपणी आजोबांबरोबर एकदोनदा उभारलं असेल. पण पुण्याच्या माणसांना त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "शीड म्हणजे माझ्या डाव्या हाताचो मळ." होडी दोन वर्षं खाडीच्या काठावर उपडी पडली होती. त्याने ती सुलटी केली, तिला गेरूचा रंग दिला, आणि ती ऐतिहासिक झाली.

मला त्या होडीतून जायचं होतं. कारण सांगायला आज थोडं हसू येतं. आमचं घर पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगलेलं. आई बाजारात मासे विकायची, मी शाळेतून आल्यावर जाळी शिवायला बसायचे, आणि माझ्या नखांतले खवले वर्गातल्या मुलींनी मोजावेत इतके असायचे. पण समुद्रात मी गुडघ्यापलीकडे कधी गेले नव्हते. होडीत बाई बसली की मासा पळतो, असं वडील म्हणायचे. मी विचार केला, ही माणसं काही मासे पकडायला चाललेली नाहीत. मी सरळ प्रमुखांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मला न्या.

प्रमुख तेव्हा डास चावू नयेत म्हणून ट्यूबमधलं मलम हाताला लावत होते. त्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं.

"तसा उल्लेख नाही," प्राध्यापक म्हणाले.

"त्या काळी जहाजावर स्त्रिया नसत, बाळ," प्रमुख समजुतीने म्हणाले. "आणि तपशिलाशी आम्ही तडजोड करत नाही."

म्हणजे माझी अडचण अशी झाली, की शिवकालात मला होडीत जागा नव्हती आणि आमच्या काळातही नव्हती. मागे जा नाहीतर पुढे, उत्तर तेच. मला इतका राग आला की मी दुसऱ्या दिवशी लपून जायचं ठरवलं. आईला सांगितलं, कट्टा गावाला मैत्रिणीकडे राहायला जाते.

सकाळी किनाऱ्यावर होडीची पूजा चालली होती. सगळे नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, एका बाजूला नारळाकडे तोंड करून उभे, भाचा त्यांचं चित्रण करत होता. मी पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूने पाण्यातून जाऊन आत चढले आणि पुढच्या टोकाला पडलेल्या जादा शिडाखाली शिरले. तिथे माझ्याआधी आणखी कोणीतरी लपलेलं होतं. गोणपाटात गुंडाळलेलं, गार, पाठीला टोचणारं. हात लावून पाहिलं तर ते इंजिन होतं. मामाने तपशिलाशी गुपचूप तडजोड केली होती.

जमिनीकडून येणारा मतलई वारा होता तोवर सगळं छान चाललं. होडी सरकत होती, प्रमुख गर्जना करत होते, आणि मी शिडाच्या फटीतून बघत होते. आमची वाडी बाहेरून कशी दिसते ते मी पहिल्यांदा पाहिलं. माडांची एक रेघ, खाली दोनचार कौलं, बस. एवढ्याशा ठिकाणी इतके नियम मावतात कसे, असं वाटलं.

आचऱ्याच्या पुढे गेल्यावर समुद्र हलायला लागला. प्रमुखांची गर्जना थांबली. थोड्या वेळाने ते रांगत पुढच्या टोकाला आले आणि अंगावर घ्यायला म्हणून त्यांनी शीड ओढलं. खाली मी. त्यांनी जी किंकाळी फोडली तिला मर्दानी म्हणणं कठीण आहे.

मामा धावत आला. "माझ्या बहिणीचा चेडू ह्या! गो, आता तुझ्या आवशीक काय सांगू मी?"

"काही सांगू नकोस," मी म्हटलं.

"पवाक येता तुका?"

"नाय." पोहायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

"मगे कशाक मरूक इलंस?"

होडीच्या मधोमध दरबार भरला. लपून आलेल्याला त्या काळी काय शिक्षा होती, असं प्रमुखांनी पिवळ्या चेहऱ्याने विचारलं. प्राध्यापकांनी बराच वेळ आठवलं. तसा उल्लेख नव्हता. तेव्हा ठरलं, की मला संध्याकाळी देवगडला उतरवायचं. डॉक्टरांनी माझे दात बघून घेतले आणि विचारलं, "तोवर भाकऱ्या टाकशील का? पीठ आणलंय आम्ही."

"त्या काळी जहाजावर बायका नसत ना?" मी विचारलं. "मग भाकऱ्या कोण टाकायचं?"

 दुपारी सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली.

जेवणानंतर वारा फिरला आणि समोरून यायला लागला. डिसेंबरात दुपारी तो तिकडूनच येतो, हे किनाऱ्यावरच्या कोणालाही माहीत असतं. पण उत्तरेला जायचा बेत पुण्यात ठरला होता आणि वाऱ्याला कोणी बैठकीला बोलावलं नव्हतं. मामाने शीड या बाजूला घेतलं, त्या बाजूला घेतलं, मग ते त्याच्या डोक्यावर पडलं. त्यातून बाहेर येईपर्यंत होडी खडकांच्या दिशेने वाहायला लागली होती. पाण्यातून काळे खडक वर यायचे, फेस सांडायचा आणि ते परत खाली जायचे. मी दोन्ही हातांनी काठ धरला. माझ्या पायांशी गार लागलं म्हणून पाहिलं, तर फळ्यांच्या सांध्यातून पाणी येत होतं. दोन वर्षं वाळलेलं लाकूड आणि वरून गेरू.

मामाने गोणपाट काढलं. इंजिन उघडं पडलं.

प्रमुख इंजिनाकडे बघत राहिले. खडक जवळ येत होते. माणसाने तत्त्वासाठी प्राण द्यावेत असा तो प्रसंग होता, आणि प्रमुखांच्या चेहऱ्यावर क्षणभर तसा विचार चमकलाही असेल.

"कॅमेरा बंद कर," ते भाच्याला म्हणाले.

भाच्याने कॅमेरा बंद केला, मामाने दोरी ओढली, इंजिन खोकलं आणि चालू झालं. इतिहासाला धक्का न लागता आम्ही संध्याकाळी देवगडच्या खाडीत शिरलो.

देवगडला दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे प्राध्यापकांना कॉलेजात महत्त्वाचं काम असल्याचं आठवलं, आणि डॉक्टरांना त्यांचे रुग्ण आठवले. दोघांनी धक्क्यावरच अंगरखे उतरवले आणि पुण्याची गाडी धरली. काळात पुढे यायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. दुसरी म्हणजे मामाने फोन केल्यावर जामसंड्याहून माझी मावशी आली आणि मला ओढत घरी घेऊन गेली. रात्रभर ती मला बोलत होती. मी ऐकत होते, पण डोळे मिटले की खाट हलायची.

सकाळी तिने मला मालवणच्या गाडीत बसवायला आणलं. वाटेत मामाला भेटायला म्हणून आम्ही धक्क्यावर गेलो. मामा सांध्यांमध्ये कापूस आणि डांबर भरत होता. घाईत भरत होता, ते मलाही दिसत होतं. प्रमुख आणि भाचा बाजूला उभे होते. पुण्याच्या चौघांपैकी दोघंच उरले होते, आणि त्यातला एक कॅमेरा धरायला लागणार.

प्रमुखांनी मला पाहिलं. घसा साफ केला.

"काही अपवाद असावेत," ते म्हणाले. "प्रसंगी स्त्रियांनीही… म्हणजे, उल्लेख नसला म्हणजे घडलंच नसेल असं नाही." आणि त्यांनी प्राध्यापकांची पगडी पुढे केली. "ही घातलीस तर लांबून मुलगाच वाटशील."

"ह्येंका वेड लागला," मावशी म्हणाली. "चल गो. होडी गळता, दिसना नाय तुका?"

दिसत होतं. पोहता येत नव्हतं. कालचे खडक मी विसरले नव्हते, आणि मामावर माझा जो काही विश्वास होता तो शिडाखाली सापडलेल्या मामाला बघून संपला होता. मावशीच्या हातात माझी पिशवी होती, गाडी स्टँडवर उभी होती.  घरी जाऊन मार खायचाच होता, हेही खरं. तो एक दिवसाने खाल्ला तरी चालण्यासारखा होता. पण एवढ्यासाठी कोणी बुडायला जात नाही. मला फक्त इतकं कळत होतं की आता मी गाडीत बसले तर पुन्हा कोणी मला होडीत बोलावणार नाही, पगडी घालून सुद्धा नाही.

मी मावशीच्या हातातून पिशवी घेतली आणि होडीत उडी मारली. या वेळी सगळ्यांसमोर.

मावशी धक्क्यावरून ओरडली ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मामाचा कापूस अर्ध्या वाटेतच सुटला. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. इंजिनात पाणी गेलं आणि ते बंद पडलं. पाणी उपसायला प्लास्टिकची बादली नव्हती, कारण बादल्या त्या काळी नव्हत्या. पितळेचे दोन देखणे गडवे होते. प्रमुखांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या गाठोड्यातून मिनरल वॉटरच्या बाटल्या बाहेर काढल्या. आम्ही त्या चाकूने कापल्या आणि उपसायला लागलो. नंतर मामाने शीड उभारायला घेतलं आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. "त्या टेकडीकडे बघ आणि हलू नको," एवढंच सांगितलं. मी बघितलं. खांदे इतके दुखले की रडायला यायला लागलं, आणि मी रडले, पण टेकडी सोडली नाही. प्रमुख न बोलता पाणी उपसत होते. त्यांची पगडी केव्हाच वाहून गेली होती, टक्कल उन्हात लाल झालं होतं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ते मला बरे वाटले.

विजयदुर्गाच्या खाडीत आम्ही वाळूवर रुतलो. काठावर लेझीम घेतलेली शाळेची मुलं, हार आणि गावातली पुढारी मंडळी. हार बघितल्याबरोबर प्रमुख उभे राहिले, आणि पुन्हा पूर्वीसारखे झाले. इंजिनाविना, केवळ वाऱ्याच्या बळावर, असं काहीतरी ते बोलले. पुढे त्या मोहिमेची सीडी आमच्याकडे आली. तीत मी काही क्षण दिसते, प्राध्यापकांची पगडी घातलेली. निवेदक म्हणतो, "सुकाणूवर एक तरुण मावळा."

टाळ्या चालू असताना गर्दीच्या मागे मला वडील दिसले. मावशीने शेजाऱ्यांकडे फोन केला होता आणि ते मिळेल ती गाडी धरून आले होते. त्यांनी मामाकडे असं पाहिलं की मामा होडीच्या पलीकडे गेला. मला म्हणाले, "चल."

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. दोन दिवस समुद्रात मला काही झालं नव्हतं. एसटीत मी खिडकीतून तीनदा ओकले. कट्ट्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून गरम भजी आणली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"भियालंस?" त्यांनी विचारलं.

"होय."

"मगे देवगडाक उतारलंस तां परत कशाक चडलंस?"

 "ठावक नाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि एक भजं उचललं. मालवण अजून अर्ध्या तासावर होतं, आणि आई घरी होती.