पाटी संपायच्या आधी संपलेली कादंबरी

समुद्रकाठच्या डोंगरी गावात आमच्या घरी गोष्ट सांगायची एक रीत आहे. बोंबील वाळत घालायच्या आधी बायका त्यांच्या जोड्या करायला बसतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, म्हणजे जोडी दोरीवर नीट लटकते. हात चालू झाले की कुणीतरी गोष्ट काढते आणि बोंबलांची पाटी रिकामी होईस्तोवर ती पुरवते. पाटी मोठी असली तर राक्षस वाढतात, लहान असली तर राजाची एखादी राणी कमी होते. अर्धी गोष्ट घेऊन कुणी उठत नाही.

मी या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते. गेल्या थंडीत मी दर रविवारी पूनम सागर सोसायटीतल्या माझ्या फ्लॅटवरून डोंगरीला जात होते. आयला वाटायचं, पोरगी मदतीला येते. खरं म्हणजे मला परत तिथं राहायला जायचं होतं. फ्लॅट माझा स्वतःचा आहे, त्यात कमी काही नाही. पण संध्याकाळी कुलूप उघडलं की आतून ‘आलीस काय गो?’ असं कुणी विचारत नाही. आयनं एकदा म्हणावं, ‘राहा इथंच,’ एवढ्यासाठी मी जात होते. आपण होऊन मागणं माझ्या स्वभावात नाही.

तेव्हा मी वाचनालयातून आणलेली एक कादंबरी वाचत होते. पुढच्या काळातलं एक शहर. भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापल्या खोलीत जायचं. माणसांची नावं काढून घेतलेली, फक्त आकडे. परवानगीशिवाय आपल्या वॉर्डाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आठवडाभर मी जेवढं वाचायचे तेवढं रविवारी बोंबील जोडता जोडता आयला आणि शेजारच्या काकीला सांगायचे.

“म्हंजे तुझ्या सोसायटीसारखंच,” काकी म्हणाली. “तिकडं पन वॉचमन आमाला आत सोडत न्हाय.”

“सोडतो गं काकी. वहीत नाव लिहिलं की सोडतो.”

“मंग तुझ्या पुस्तकातल्या शेरापेक्षा बरं हाय. नाव तरी इचारतो.”

आय हसली नाही. तिला त्या पुस्तकातल्या मुलीची काळजी लागली होती. मुलगी आईला मागे ठेवून पळालेली. ती जेवली का, तिच्या पायात काय आहे, असं आय दर रविवारी विचारायची. पुस्तकात ते नसायचं, मग मी ठोकून द्यायचे.

शेवट वाचला तेव्हा मला वाटलं, पानं फाटलीत. मुलगी शहराच्या शेवटच्या फाटकापाशी पोचते. फाटक किलकिलं आहे, पहारेकरी झोपलाय. तेवढ्यात मागून कुणीतरी तिला तिच्या घरच्या नावानं हाक मारतं. ती थांबते. संपलं. मी बांधणी तपासली, पान जागच्या जागी होतं. दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. ती मागे वळली असणार, असंच मला वाटत राहिलं.

रविवारी मी थांबले तेव्हा पाटी अर्धी भरलेली होती.

“फुडं?” आय म्हणाली.

“पुढे नाही. तिथंच संपलं.”

“पाटीत येवरे बोंबील हायत नि गोष्ट संपली?”

“आय, लेखकानं शेवट आपल्यावर सोडलाय.”

“वा! पुस्तक त्यानं इकायचं नि काम आपन करायचं,” काकी म्हणाली. “लगीन लाव तिचं नि संपव.”

मग मीच पुढे सांगायला लागले. मुलगी मागे वळते. हाक तिच्या आईनंच मारलेली असते. दोघी घरी जातात, आई भाकरी टाकते. काकी जोडी करायची थांबून माझ्याकडे बघायला लागली.

“न्हाय,” आय म्हणाली. “ती गेली.”

“तुला काय माहीत?”

“आय असती तर तिनं हाक मारलीच नसती. तोंड दाबून उभी राहिली असती.” आणि आय पुढे सांगायला लागली. मुलगी बाहेर पडली, तिला काम मिळालं, खोली मिळाली, खिडकीत तिनं तुळस लावली. पाटी संपत आली तरी त्या मुलीला मागची आठवण काही आली नाही.

माझ्यानं राहवलं नाही. “आणि तिला परत यायचंच असलं तर?”

आयनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

“यावं की. सनाला यावं, होलीला यावं, चार दिस खावं-प्यावं.” मग हळूच म्हणाली, “राहायला नको येऊ गो. मला बरंच वाटंल. मी ठेवून घेईन. मंग तुला परत कोन धाडील?”

काकीनं पाटी उपडी करून झटकली आणि जोड्या उचलून वलांडीकडे, त्या वाळवणाच्या बांबूंकडे, निघून गेली.

आयचं म्हणणं मला पटलंय. पटलं म्हणून ओढ कमी होते, असं मात्र नाही. अजूनही रविवारी मी सकाळीच जाते आणि शेवटच्या बसच्या आधीची बस धरून परत येते. शेवटची चुकली तर आय मला ठेवून घेईल.