शेवळांची जागा

मी वही उघडली की तिचा हात वहीवर यायचा. ओला, मातीचा, कधी चिकाने काळा पडलेला. "आधी खा. मंग लिव," एवढं म्हणून ती चुलीकडे वळायची. त्या वर्षांतल्या माझ्या वह्यांच्या निम्म्या पानांवर तिच्या बोटांचे डाग आहेत.

तुम्ही अशा बायका कर्जत स्टेशनाबाहेर पाहिल्या असतील. फडक्यावर रानभाज्यांच्या जुड्या मांडून बसतात, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी हाक मारत नाहीत. ती त्यांच्यातली एक. कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी होती. मी नोकरी सोडून दहिवलीत राहायला आले तेव्हा माझ्याबरोबर साध्या राहणीवरच्या पुस्तकांची दोन खोकी होती. आपणही असं एखादं लिहावं, हे डोक्यात होतंच.

तिच्याकडून मी पहिल्यांदा शेवळं घेतली. मिरगाच्या सुमारास जमिनीतून वर येणारे ते जांभळट कोंब. तिने सोबत काकडं घ्यायला सांगितली, ती आंबट फळं. मी घेतली नाहीत, कारण रानातली भाजी नुसत्या मिठावर शिजवावी, असं माझ्या एका पुस्तकात होतं. दोन दिवस घसा इतका खाजत होता की पाणी गिळवेना. तिसऱ्या दिवशी जाऊन तिला सांगितलं. ती हसली नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने शेवळं खाल्ली होती का, एवढंच तिने विचारलं.

मग मी दर आठवड्याला वाडीवर जाऊ लागले. पहिल्या वर्षी मी 'ताय' होते, दुसऱ्या वर्षी कधीतरी 'बाय' झाले. तिला मी मावशी म्हणायचे. पहाटे ती डोंगर चढायची, भारा घेऊन सडकेपर्यंत चालायची, तिथून टेंपोने कर्जत. परतल्यावर पाण्याला ओहोळावर दोन खेपा. मी मागून वही आणि कॅमेरा घेऊन.

एकदा, कमी वस्तूंत जगण्यावरच्या प्रकरणासाठी, मी तिच्या घरातल्या वस्तू लिहून घेत होते. तवा, दोन पातेली, कोयता, सूप. ती उंबऱ्यात बसून बघत होती.

"मिक्सर लिव," ती म्हणाली.

"मिक्सर कुठे आहे मावशी?"

"नाय. पन पायजे हाय."

मी तेवढं लिहिलं नाही.

शेवळांची जागा तिने मला तिसऱ्या वर्षी दाखवली. ओहोळ ओलांडून, करवंदीच्या जाळीमागचा उतार. तिच्या सासूने तिला दाखवला होता. तिथले कोंब ती वरूनच खुडायची. कंदाला हात लावायची नाही, आणि दर वर्षी उताराची एक बाजू तशीच सोडून द्यायची. या सगळ्यावर मी जीव ओतून एक प्रकरण लिहिलं. ओहोळ लिहिला, जाळी लिहिली, वाडीचं नावही लिहिलं.

पुस्तक चाललं. लोकांची पत्रं आली, त्यांना शहराचा कंटाळा आला होता. मला बरं वाटलं.

दोन पावसाळ्यांनंतर ती माझ्या दारात आली. याआधी ती माझ्या घरी कधीच आली नव्हती. पायरीवर बसली, पाणी प्यायली, बराच वेळ पदराने मान पुसत राहिली.

"बाय, तू जागा लिवलीस व्हय?"

मी हो म्हणाले. तिने मान हलवली. मग हळूहळू सांगितलं, की रविवारी गाड्या येतात, माणसं पुस्तक हातात धरून ओहोळ विचारतात. लहान खुरपी आणतात. घरी कुंडीत लावायला कंदच काढून नेतात. आता सगळा उतार उकरलेला आहे. माणसं वाईट नव्हती, हेही तिनेच सांगितलं. एकीने तिच्या डोक्यावरचा भारा उतरवायला हात दिला होता.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती दमलेली होती. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टेंपो गाठायला गेली.

नव्या आवृत्तीतून ते प्रकरण काढा, असं मी प्रकाशकांना सांगितलं. लोक त्यासाठीच पुस्तक घेतात, असं त्यांचं म्हणणं. फोनवर बरीच वादावादी झाली, शेवटी त्यांनी काढलं. मी वाडीवर जाऊन तिला सांगितलं, तेव्हा ती कुर्डूची पानं निवडत होती. "आता काडून काय," म्हणाली, आणि मला जेवायला वाढलं.

शेवळांची दुसरी जागा डोंगराच्या वरच्या धारेवर होती, जायला-यायला अर्धा दिवस. दोन वर्षं ती तिथे गेली. मग गुडघे राहिले, आणि लेकीने तिला खालापूरकडे नेलं.

मी भेटायला गेले. कारखान्यामागची चाळ, दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत नळ. ती पंख्याखाली बसून चहात टोस्ट बुडवत होती. डोंगर आठवतो का, मी विचारलं. लेक माझ्याकडे बघायला लागली. मावशीने टोस्ट संपवला.

"लय चालले गं बाय," ती म्हणाली. "आता बसू दे."

त्या थंडीतच ती गेली. मला दहाव्यानंतर कळलं. लेकीचा फोन आला, ताई, आईचा एखादा फोटो असंल का, तुमी लय काडले होते पुस्तकाला.

काढले होते, शेकड्याने. मी दोन दिवस सगळे बघितले. पानं, कंद, फुलं, शेंगा, आणि ती धरणारे तिचे हात. पान मोठं दिसावं म्हणून मी दर वेळी जवळून टिपलं होतं. चेहरा एकातही नव्हता. एकात पदराचा काठ होता.

शेवटी एक छापून घेतला आणि घेऊन गेले. फोटोतल्या हातांत टाकळ्याची जुडी होती. लेकीने फोटो उजेडात नेला, अंगठ्याच्या चिरलेल्या नखावर बोट ठेवलं.

"आईच हाय," ती म्हणाली, आणि हार आणायला खाली गेली.